तेरची मातीची नाणी

लातूरहून बार्शीकडे जाताना ढोकीला आत वळलं की तेर लागतं. गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकरी इथं माथा टेकतात. तेरणेकाठचं हेच गाव सातवाहनांच्या काळात ‘तगर’ या नावानं थेट भूमध्य समुद्रापर्यंत ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची आणि तिथलं कापड भडोच बंदरात उतरत असल्याची नोंद आहे. भारतीय मालापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) हातचे जातात, अशी तक्रार रोमच्या प्लिनीनं त्याच शतकात करून ठेवली.

हा पैसा दख्खनमध्ये आला आणि त्याची नक्कलही इथं होऊ लागली, तीही मातीत. तेरला, नेवाशाला, तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून घडवलेल्या भाजक्या मातीच्या चकत्या सापडल्या आहेत. त्यांवर बहुधा सम्राट तिबेरियसचा मुखवटा असतो.

घडवण्याची रीत चकतीवरूनच उलगडते. ओल्या, बारीक मळलेल्या मातीत खरं नाणं दाबायचं, ठसा वाळवून भाजायचा, की साचा तयार. दोन बाजूंचे दोन साचे. त्यांच्यामध्ये मातीची गोळी दाबली की नाणं उमटतं. वाळताना आणि भाजताना माती आकसते, म्हणून प्रत मूळ नाण्यापेक्षा जराशी लहान भरते. प्रतीवरून पुन्हा साचा काढला की लॅटिन अक्षरं पुसट होत नुसत्या रेघा उरतात. नाक, हनुवटी, डोक्यावरचा पर्णमुकुट मात्र बराच काळ तग धरतात. चकतीच्या वरच्या कडेला दोरा ओवण्यासाठी कडी किंवा भोक असतं. काहींवर सोन्याचा मुलामाही दिलेला आढळतो.

ही नाणी कशासाठी, याचं सगळं उत्तर त्या कडीतच आहे. मातीचं नाणं बाजारात कोण घेणार? ही फसवणूक नव्हेच, हा दागिना. ज्याला सोन्याचं नाणं गळ्यात घालणं परवडत नव्हतं, त्यानं त्याचं रूप तेवढं घेतलं. आपल्याकडची पुतळ्यांची माळ याच वंशातली. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवरून पुतळी आली, आणि पुढं सोनारांनी तिच्यावर आपले देव बसवले.

मूळ नाण्याऐवजी प्रत वापरणं जगभर खेळल्या जाणाऱ्या जिओकॅशिंगमध्येही घडतं. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या या शोधखेळात क्रमांक कोरलेली देखणी नाणी लपवलेल्या डब्याडब्यांतून फिरतात. ती वाटेत गायब होतात, म्हणून हौशी मंडळी अस्सल नाणं घरी ठेवून तोच क्रमांक घातलेली प्रतिकृती प्रवासाला धाडतात. प्रतिकृतीला कमअस्सल म्हणून हिणवणं मला पटत नाही. मूळ नाण्याला जे काम झेपत नाही, ते ती करते.

तेरमध्ये पुरातत्त्व अभ्यासक चापेकरांनी १९५८ साली उत्खनन केलं. पण त्याआधीपासून गावच्या पांढरीत उघड्या पडणाऱ्या वस्तू जिवापाड जपल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती बाहुली असा हजारो वस्तूंचा त्यांचा संग्रह आज तेरच्याच शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. लातूर-नांदेडच्या शाळांनो, सहली अजिंठा-वेरूळला जरूर न्या, पण एक दिवस तेरसाठी ठेवा. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखाचा रोमशी व्यापार होता, हे मुलांना तिथं डोळ्यांनी पाहता येईल.