आरएक्सचे दात

आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एसटीचे ब्रेक, कांद्याच्या ट्रकचे हॉर्न, पिकअपवाल्यांच्या हाका यांचा इथे दिवसभर काला झालेला असतो. त्या काल्यातूनही एक आवाज वेगळा ऐकू येतो. तो आला की टपरीवरचा पन्नाशीचा माणूस चहाचा कप ओठाशी धरूनच मान वळवतो, आणि गाडी दिसायच्या आधीच सांगतो, “आरएक्स हाय.”

ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद बोलवले त्या रेड्याची समाधी फाट्याला लागून असलेल्या आळे गावात आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. मुक्या जिवाची वाणी ओळखण्याचं या गावाला वावडं नाही.

शहरातल्या माणसाने तरुणपणी लाल स्पोर्ट्स कारचं पोस्टर भिंतीला चिकटवलं असेल. आपल्या भागात ऐंशी-नव्वदच्या दशकात ती कार फक्त पडद्यावर दिसायची. रस्त्यावर दिसणारं स्वप्न दोन चाकांचं होतं. घरात दुधाच्या किटल्या वाहणारी एम-८० किंवा राजदूत असायची आणि मनात यामाहा आरएक्स १००. त्या वेळी पैसे नव्हते. आज टोमॅटोच्या एखाद्या बऱ्या हंगामाने किंवा मुलाच्या नोकरीने ते आले आहेत. पण गाडीच आता तीस-चाळीस वर्षांची झाली आहे. ती घ्यावी का, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. कशी घ्यावी, याचं उत्तर मात्र इथून जवळच, बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात मिळतं. तिथे बैलाचं हंबरणं ऐकून कोणी पैसे मोजत नाही. आधी दात बघतात.

शंभर किलोंचं वेड

१९८४ ते ८६ या काळात जपानी तंत्रावरच्या शंभर सीसी गाड्या एकामागून एक भारतात आल्या: टीव्हीएसची सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, बजाजची कावासाकी केबी १००. एस्कॉर्ट्सने यामाहाबरोबर आणलेली आरएक्स १०० नोव्हेंबर १९८५ ची. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन साधारण शंभर किलो. सीडी १०० ची ताकद साडेसातच्या आसपास होती. हिरो होंडा पेट्रोल वाचवायची, तर आरएक्स ते पिऊन पळायची. त्याआधी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सनेच ३४७ सीसीची दोन सिलिंडरची राजदूत ३५० आणली होती. पण तिची किंमत आणि तिची तहान दोन्ही शेतकऱ्याच्या खिशाबाहेरची होती. आरएक्स निदान हप्त्यांच्या स्वप्नात तरी बसायची.

एवढ्याशा इंजिनात हा जोर कुठून आला? फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडून पिस्टनला ढकल मिळते. टू-स्ट्रोकमध्ये ती दर फेरीला मिळते. आवाज सलग आणि तापट येतो तो त्यामुळेच. वर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. म्हणून फाट्यावरचा मेकॅनिक गोणपाटावर बसून अर्ध्या दिवसात इंजिन उतरवायचा आणि संध्याकाळी परत चढवायचा.

तिच्या मरणाचं कारणही याच रचनेत होतं. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम आत येणाऱ्या ताज्या मिश्रणालाच करावं लागतं. त्या धांदलीत थोडं न जळलेलं पेट्रोलही सायलेन्सरमधून निघून जातं, शिवाय सोबत वंगण म्हणून घातलेल्या टू-टी ऑइलचा धूर. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. पुढे १३५ सीसीच्या बहिणी आल्या, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते शंभरचंच. नवा माल यायचा बंद झाला आणि मागणी वयाबरोबर वाढत गेली. आज चांगल्या गाडीला लाखाच्या पुढचे आकडे सहज सांगितले जातात.

कितवा बोअर?

बैलाचं वय जसं दातांवरून कळतं, आदत, दोनदाती की जुळलेला, तसं आरएक्सचं वय बोअरवरून कळतं. मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. केबल तुटलेली गाडी वर्षानुवर्षं फिरते आणि काटा जागचा हलत नाही. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तेवढाच. सिलिंडर झिजला की तो कातून थोडा मोठा करतात आणि त्यात वाढीव मापाचा पिस्टन बसवतात. दर वेळी पाव मिलिमीटरची वाढ, असे एक मिलिमीटरपर्यंत चारच टप्पे. त्यानंतर नवी स्लीव्ह ठोकावी लागते. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. “कितवा बोअर?” हे आधी विचारा. विकणारा अडखळला, तर हेड खोलून पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा दाखवा म्हणा. हेड उतरवायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी थंड असताना बघायला जा. तुम्ही पोहोचण्याआधीच ती गरम करून ठेवली असेल तर समजून घ्या आणि उद्या येतो म्हणा. थंड इंजिन सुरू होताना थोडा निळसर धूर येणारच, तो टू-स्ट्रोकचा स्वभाव आहे. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला आणि त्याला गिअर ऑइलचा वास असेल, तर क्रँकचं ऑइल सील गेलं आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन खाली बसायला वेळ घेत असेल, तर कुठून तरी जादा हवा ओढली जाते आहे. अशी गाडी चढावर पिस्टन जाम करते.

तिसरी तपासणी ऑइल पंपाची. आरएक्समध्ये टू-टी ऑइलची टाकी वेगळी असते आणि अॅक्सिलरेटरच्या ओढीप्रमाणे पंप इंजिनाला ऑइल पुरवतो. पुष्कळांनी हा पंप बंद करून ऑइल सरळ पेट्रोलमध्ये मिसळायला सुरुवात केली. ते पाप नव्हे, पण किमतीत धरायचा मुद्दा आहे. टाकीचा रंग, बाजूचे स्टिकर, “जपान” लिहिलेले सुटे भाग हे सगळं नवं करून मिळतं. शिंगांना रंग आणि अंगावर झूल घातलेला बैल आपण अनेकदा पाहिला आहे.

आधी कागद, मग किक

खोलून बघण्याच्याही आधी कागद बघा. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. दोन्ही आरसी बुकशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला तर तिथूनच मागे फिरा. १३५ चं इंजिन शंभरच्या सांगाड्यात बसवलेल्या गाड्या पळतात झकास, पण कागदावर त्या कोणीच नसतात.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, हा गैरसमज अजून आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकी तपासणीत पास झाली तर तिची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आपण त्याला पासिंग म्हणतो. त्याचं केंद्रीय शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकींसाठी २,००० झालं. सगळ्या आरएक्स १०० याच गटात येतात. वर राज्याचा पर्यावरण कर, तृतीय पक्ष विमा आणि एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट. पासिंग चुकवून वर्षं लोटली असतील तर दंडाचा हिशेब आधी आरटीओत करून घ्या.

जुन्नर-आंबेगावचं आरटीओ पिंपरी-चिंचवडचं, म्हणजे एमएच-१४. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाची एनओसी लागेल. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन कागद कपाटात ठेवू नका. खरेदीनंतर तीस दिवसांत गाडी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. तोवर अपघात झाला तर भरपाईसाठी बोट आरसीवरच्या जुन्या मालकाकडे जातं. जबाबदार विकणारा म्हणूनच या कामाची घाई करतो. ज्याला अजिबात घाई नाही, त्याच्याबद्दल शंका घ्या.

“व्हिंटेज आहे हो” असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. १९८५ ची पहिली आरएक्ससुद्धा २०३५ च्या आत त्या पंगतीत बसत नाही. बसली तरी रोज बाजारात न्यायची मुभा त्या नोंदणीत नाही.

वैरणीचा हिशेब

बैल घेताना शहाणा माणूस सगळे पैसे दावणीतच मोकळे करत नाही, वैरणीचे राखून ठेवतो. इथे वैरण म्हणजे क्रँकची बेअरिंगं, सील, कार्ब्युरेटरची सफाई आणि टू-टी ऑइल. सगळ्यात महाग पडतो तो टू-स्ट्रोक कळणारा माणूस. जुने हात म्हातारे झाले आणि नवी पोरं लॅपटॉप जोडून दोष शोधतात. गाडी ठरवण्याआधी मेकॅनिक ठरवा आणि बघायला जाताना त्याला बरोबर न्या. फटाके फोडणारा सायलेन्सर असेल तर तो उतरवून मूळचा बसवा. पोलिसांचा दंड आहेच, पण त्या फटाक्यांत गाडीचा खरा सूर हरवतो.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. फाट्यावरून बेल्ह्याच्या दिशेने निघा, अणे घाटाला लागा, आणि मागे कोणाला तरी बसवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम टिकतो का, वळणावर पुढचा ड्रम ब्रेक धरतो का, वर पोहोचल्यावर इंजिन शांत चालतं का, ते बघा. पहिल्यासारखी उसळी लागली नाही तर लगेच गाडीला दोष देऊ नका. तिचं वजन १९८५ मध्ये होतं तेवढंच आहे. आपलं वाढलं आहे.

डोळे, नाक, हात आणि कागद यांची साक्ष झाली की मगच कानाला विचारा. त्याला आधी विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने पस्तीस वर्षांपूर्वी याच चौकात हो म्हणून टाकलं आहे.