राजाबाई टॉवर आणि स्कॉट घराणे

ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळत वाढलेल्या माझ्यासारख्यांना मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर वेगळा दाखवावा लागत नाही. पण त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, हे कळले तेव्हा मी थक्क झालो. नकाशे लंडनहून आले आणि इथल्या लोकांनी ते दगडात उतरवले.

स्कॉट यांचा जन्म १८११ चा, इंग्लंडमधल्या एका पाद्र्याच्या घरचा. गोरगरिबांसाठीच्या आश्रयगृहांच्या इमारती बांधता बांधता त्यांचा हात बसला. पुढे गॉथिक शैलीचा ध्यास लागला. लंडनचे अल्बर्ट मेमोरियल आणि सेंट पँक्रस स्थानकाचे भव्य हॉटेल त्यांचेच. जुन्या चर्चांची त्यांनी केलेली डागडुजी मात्र अनेकांना खुपली. ट्यूक्सबरीच्या चर्चचे काम निघाले तेव्हा कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तू जपणारी संस्थाच काढली. मला मॉरिस यांचे पटते. जुने नव्यासारखे करण्याच्या हौसेत त्या वास्तूचे वयच पुसले जाते.

मुंबईत मात्र सगळे नवेच बांधायचे होते. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख रुपये दिले, मनोऱ्याला राजाबाई हे आपल्या आईचे नाव दिले. पायाभरणी १८६९ ची. विद्यापीठाचे पदवीदान सभागृह १८७४ मध्ये झाले. त्याच्या बाहेरच्या गोल जिन्यांशी थोडा वेळ थांबावे: उघड्या कमानी वर वर वळत जातात, ऊन अडते आणि वारा खेळता राहतो. आत चक्राकार खिडकीच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. २८० फुटी मनोरा नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरा झाला. स्कॉट त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवले सहायक अभियंता मुकुंद रामचंद्र यांनी. स्कॉट यांच्याबरोबर हे नाव घेतले जात नाही, याची मला खंत वाटते. लंडनच्या कागदावर मुंबईची माणसे आली ती या हातांमुळे.

स्कॉट यांचे दोन मुलगे, जॉर्ज आणि जॉन, वास्तुविशारदच झाले. नातू जाइल्स यांनी तर विशीतच, १९०३ मध्ये, लिव्हरपूल कॅथिड्रलच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. लंडनचे लाल टेलिफोन बूथ आखले तेही त्यांनीच.