पाठीवरचं चित्र

मुंबईतलं कॉटन ग्रीन म्हणजे हिरवं काहीतरी असेल, असं नवखा धरून चालतो. ग्रीन म्हणजे मैदान. कापसाच्या गाठी आधी किल्ल्यातल्या मैदानात रचत, १८४४नंतर कुलाब्याला. पुढे बाजार शिवडीकडे सरकला आणि १९२५मध्ये इथे कॉटन एक्स्चेंजची इमारत उघडली. गाठी गेल्या. नाव लोकलच्या इंडिकेटरवर राहिलं. आमच्या इथल्या बिल्डिंगीत निम्मी घरं मालवण-कुडाळची, आमचंही त्यातलंच. मे महिन्यात गावी निघालो तेव्हा संपादकांचा फोन आला, "कुडाळला जाताच आहात, तर पिंगुळीत डोकावून या."

पिंगुळी मला ठाऊक होती ती राऊळ महाराजांच्या मठामुळे. नारळ ठेवायचा, प्रसाद घ्यायचा, घरी परतायचं. त्याच गावातल्या गुढीपुरात ठाकर आदिवासींची वस्ती आहे आणि परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं आहे, हे इतकी वर्षं कानावर येऊनही पाय तिकडे वळले नव्हते. 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे त्याचं नाव. २०२१मध्ये गंगावण्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांपैकी किती जणांनी चित्रं दाखवत कथा सांगण्याची त्यांची चित्रकथी पाहिली होती, हे विचारू नये.

इतिहास थोडक्यात सांगतो. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त चित्रकथकांचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. देवळादेवळांतून खेळ करायचे, तेही मानाने. शिवकाळात हेच लोक खेळ करता करता हेरगिरी करत, असंही सांगतात. कळसूत्री बाहुल्या, दिव्याच्या उजेडात पडद्यामागे नाचणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, तिन्ही खेळ याच समाजाचे.

मी अडकलो तो चित्रकथीच्या पोथीपाशी. पोथी म्हटलं की आपल्याला अक्षरं आठवतात. इथे एक अक्षर नाही. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची एकेक पोथी, आणि पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चवड. साधारण फूट बाय सव्वा फुटाचा कागद. टपोऱ्या डोळ्यांची, एका अंगाने रंगवलेली माणसं. मागे डोंगर नाही, झाडं फारशी नाहीत. आणि खुबी अशी की दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सूत्रधार एक चित्र उभं धरतो, कथा सांगतो, गातो. प्रसंग सरला की कागद उलटतो. पुढचा प्रसंग तयार! साथीला वीणा, टाळ आणि हुडुक. हुडुक म्हणजे मधे आवळलेला, डमरूच्या घाटाचा चर्मवाद्याचा प्रकार. दोऱ्यांवरचा दाब कमी-जास्त केला की सूर चढतो, उतरतो. कागदावरचा रावण हलत नाही, हुडुक त्याला हलवतो.

म्हणूनच मला गोठ्यापेक्षा गळ्याची काळजी जास्त वाटली. जुने कागद जपता येतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात चित्रकथीची चित्रं आहेत. अशी बरीच चित्रं 'पैठणी' या नावाने प्रसिद्ध झाली, ती पैठणकडे सापडली म्हणून. पण आख्यान पाठ असलेला माणूस काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. गंगावण्यांची मुलं या कामात आहेत, शिकवणंही चालतं, हे खरं. आणि पोट? देवळातला खेळ वर्षाकाठी किती दिवसांचा असणार. घेणारा पर्यटक सुटं चित्र मागतो, भिंतीवर लावायला. त्यात गैर काय आहे? चार पैसे येतात, पोरं कुंचला धरतात. फक्त सुटं चित्र आख्यानातून बाहेर पडतं. त्याला आधी नाही, नंतर नाही, आणि भिंतीवर लावलं की पाठही नाही.

मी तरी वेगळं काय केलं? हनुमानाचं एक चित्र घेतलं, इकडे आल्यावर काळाचौकीत फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं. शेजारच्या सावंतांचा सात वर्षांचा नातू आला, तोंड वर करून बराच वेळ बघत राहिला.

"काका, शेपटी पेटली. मग?"

मग मी सांगू लागलो. लंकेपर्यंत बरं चाललं होतं, समुद्राशी आल्यावर अडलो. तोवर तो खुर्चीवर चढून फ्रेम भिंतीपासून ओढून मागे डोकावत होता. मागे खाकी पुठ्ठा आणि चार चुका.