डोंगरी सायकल सवलतींत केव्हां घ्यावी ?

(नभोवाणीवरील भाषण)



दसरा जवळ आला कीं आमच्या घरीं एक वाद ठरलेला असतो. मुलांचें म्हणणें असें कीं, जी वस्तु हवी ती आजच आणावी. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, आज हवी असलेली वस्तु चार महिन्यांनीं स्वस्त मिळते. दोन वर्षांपूर्वीं हा वाद माउंटन बाइकवरून झाला. जाड टायरच्या, पुष्कळ गिअरच्या आणि पुढें धक्के झेलणारी स्प्रिंग बसविलेल्या या वाहनाला मी आज डोंगरी सायकल असेंच म्हणणार आहें. त्या वादांत मी हट्टानें जिंकलों, पैसे वांचविले, आणि शेवटीं सायकलहि गेली व पैसेहि गेले. तें कसें घडलें हें सांगितल्यानें दुसऱ्या कोणाचें तरी नुकसान टळेल, या आशेनें हा विषय मीं निवडला आहे.

आरंभींच कोणी विचारील कीं, नागपुरांत डोंगर आहे कोठें ? सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स यांपलीकडे आपल्या शहराला उंचीचा अभिमान बाळगण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. खरा चढ हवा असेल तर रामटेक किंवा त्याहूनहि दूर चिखलदरा गांठावा लागतो. परंतु ही सायकल केवळ डोंगरासाठीं नाहीं. गोरेवाड्याकडील मातीच्या वाटा, सिमेंटच्या रस्त्यांचे सांधे आणि पावसाळ्यानंतर उघडे पडलेले खड्डे यांच्यावरून ती निमूटपणें जाते, म्हणून ती येथेंहि लोकप्रिय झाली. तिचा जन्म झाला तो मात्र डोंगरांतच. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील टॅमालपायस पर्वताच्या मातीच्या उतारावरून कांहीं हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली भरधाव सोडीत. १९७६ सालीं त्यांनीं एक शर्यतच सुरू केली. उतरतांना ब्रेकमधील ग्रीज तापून जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हें नांव पडलें. पुढें १९८१ सालीं स्पेशलाइझ्ड या कंपनीनें स्टम्पजंपर नांवाची सायकल कारखान्यांतून मोठ्या संख्येनें काढली, आणि कांहीं वेड्यांचा खेळ हा जगाचा व्यापार झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. सवलत ही दुकानदाराची कृपा नसते. तिच्यामागें नेहमीं कांहीं तरी कारण असतें, आणि तें कारण ओळखतां आलें कीं सवलत केव्हां मिळेल हेंहि सांगतां येतें.

पहिलें कारण म्हणजे नमुन्याचें वय. परदेशांतील मोठे कारखानदार येत्या वर्षाचे नमुने बहुधा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धांतच जाहीर करतात. नवा नमुना आला कीं दुकानांतील जुना नमुना, एक मैलहि न चाललेला असूनसुद्धां, ‘गेल्या वर्षाचा’ ठरतो. पुष्कळदां दोहोंत रंगाखेरीज फरक नसतो, आणि अशा वेळीं जुना घेणें हेंच शहाणपण होय. परंतु कधीं कधीं फरक मूलभूत असतो. पूर्वीं या सायकलींचीं चाकें २६ इंची असत ; पुढें साडेसत्तावीस व एकोणतीस इंची चाकें आलीं आणि चांगल्या प्रतीच्या सायकलींतून २६ इंची चाक जवळजवळ हद्दपार झालें. अशा जुन्या सायकलीचें टायर आजहि मिळतें. पण तिच्या मापाचा उत्तम फोर्क शोधावयास निघाल्यास पायांचे तुकडे पडतात. म्हणून जुना नमुना घेतांना रंग पाहण्यापूर्वीं चाक पाहावें.

दुसरें कारण मालाचा फुगवटा. २०२० सालीं महामारीनें आगगाड्या व मोटारी थांबविल्या तेव्हां जगभर सायकलींना अशी मागणी आली कीं दुकानें ओस पडलीं आणि गिअर-ब्रेकसारख्या सुट्या भागांसाठीं महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. घाबरलेल्या व्यापाऱ्यांनीं हवा होता त्याहून अधिक माल मागविला. तो येऊन पोहोंचला तेव्हां गिऱ्हाईक ओसरलें होतें. मग किंमती कोसळल्या. ब्रिटनमधील विगल आणि चेन रिॲक्शन या नामांकित विक्रेत्यांचा कारभार तर २०२३ च्या ऑक्टोबरांत दिवाळखोरीच्या कायद्यान्वयें प्रशासकांच्या हातीं गेला. या घटनेंत आपणांसाठीं दोन बोध आहेत. सगळे घेतात तेव्हां घेऊं नये, हा पहिला. दुसरा असा कीं, जो दुकानदार फार मोठी सूट देतो तो उद्यां हमी पाळावयास जागेवर असेल काय, हाहि विचार करावा.

तिसरें कारण सरकारी कर. सायकलीवरील वस्तु व सेवा कर पूर्वीं शेंकडा १२ होता. २०२५ च्या ३ सप्टेंबरला तो शेंकडा ५ करण्याचा निर्णय जाहीर झाला व २२ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशीं, तो अमलांत आला. ज्या सायकलीची करापूर्वीं किंमत २०,००० रुपये, तिला आदल्या दिवशीं २२,४०० रुपये पडत ; दुसऱ्या दिवशीं २१,००० पडूं लागले. जो गृहस्थ वर्तमानपत्र वाचून एकोणीस दिवस थांबला, त्याचे चौदाशें रुपये वांचले. घासाघीस न करतां मिळालेली ही सवलत. परंतु असे योग वरचेवर येत नाहींत, आणि त्यांच्या आशेवर सायकल लांबणीवर टाकणें म्हणजे लॉटरीच्या भरंवशावर घर बांधणें होय.

चौथें कारण दुकानाचें पंचांग, आणि येथें आपल्या नागपूरचें हवामान मधें येतें. विदर्भांतील शाळा उन्हामुळें उशिरां, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या सुमारास मुलांच्या साध्या सायकलींना गिऱ्हाईक असतें व दुकानदारास सूट देण्याचें कारण नसतें. जुलै-ऑगस्टांत पाऊस लागला कीं हौशी स्वार घरीं बसतो. पंधरा ऑगस्टच्या निमित्तानें ठिकठिकाणीं सवलतीच्या विक्रीहि लागतात. जुना नमुना काढून टाकण्यास हे दिवस सोयीचे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे सायकलचा खरा हंगाम. मार्चच्या अखेरीस हिशेबाचें वर्ष संपतें व पडून राहिलेला माल हलविण्याची घाई होते. त्यापुढें मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे सायकल फुकट दिली तरी तिच्यावर बसणार कोण ?

आतां माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वींच्या दसऱ्याला माझ्या तेरा वर्षांच्या मुलानें डोंगरी सायकल मागितली. किंमत २४,००० रुपये. मीं म्हटलें, मार्चपर्यंत थांब. तो थांबला. त्या हिंवाळ्यांत त्याचे सोबती पहांटे फुटाळ्याच्या कांठानें सेमिनरी हिल्सकडे जात आणि हा फाटकापाशीं उभा राहून त्यांना पाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत एका दुकानांत तीच सायकल शेंकडा तीस सुटीनें दिसली. १६,८०० रुपये ! ७,२०० रुपये वांचले म्हणून माझी छाती फुगली. नग एकच उरला होता व त्याची फ्रेम १९ इंची होती. मुलाला १६ इंची पुरली असती. दुकानदार म्हणाला, “वाढतें अंग आहे, साहेब, वर्षभरांत पुरेल.” सदरा घेतांना आपण असेंच म्हणतों, म्हणून मला तें पटलें.

परंतु सायकल म्हणजे सदरा नव्हे. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडतां येतात. फ्रेम दुमडतां येत नाहीं. उन्हाळाभर सायकल पडवींत उभी राहिली, पावसाळ्यांतहि राहिली. ऑक्टोबरांत मुलगा तिच्यावर बसूं लागला तेव्हां त्याला हँडलपर्यंत ओणवें होऊन पोहोंचावें लागे. पाठ दुखूं लागली. एकदां घाईनें उतरतांना पाय जमिनीला न टेकल्यानें तो पडला, आणि मग त्यानें तिचें नांव सोडलें. शेवटीं ती ९,००० रुपयांस विकली. म्हणजे ७,२०० रुपये वांचविण्यासाठीं मीं ७,८०० रुपये घालविले. परंतु खरा तोटा वहींत मांडतां येत नाहीं. मुलाच्या वयाचे दोन हिंवाळे गेले, आणि ते कोणत्याहि दुकानांत कोणत्याहि सुटीनें मिळत नाहींत.

सुटीच्या हंगामांत शेवटीं उरतात ते नग बहुधा फार लहान किंवा फार मोठे असतात, कारण मधलीं मापें आधींच खपलेलीं असतात, ही साधी गोष्ट मला तेव्हां सुचली नाहीं. म्हणून आधीं माप ठरवावें, मग किंमत विचारावी. सायकल दोन पायांत घेऊन उभें राहिलें असतां वरची दांडी व शरीर यांमध्यें निदान दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. पेडल अगदीं खालीं असतांना गुडघा किंचित् वांकलेला असावा. आणि हँडल धरतांना कोंपरें ताठ होऊं नयेत. त्याचप्रमाणें, स्वस्त सायकलीच्या मागल्या चाकाला स्प्रिंग दिसली तर भुलूं नये. कमी किंमतींत ती बहुधा वजन वाढविते, आराम देत नाहीं. सूट मोजावयाची ती छापील किंमतीवरून नव्हे, तर महिन्यापूर्वीं ती वस्तु प्रत्यक्ष ज्या भावानें विकली जात होती त्यावरून. जोडणी व पहिली दुरुस्ती किंमतींत आहे काय हें विचारावें, पक्कें बिल घ्यावें, आणि शिरस्त्राण, पंप व कुलूप यांसाठीं पैसे बाजूला ठेवावे.

आणि मुहूर्त ? मी एक घरगुती युक्ति सांगतों. पितृपक्षांत आपले लोक नवी वस्तु घेत नाहींत. दुकानांत गर्दी नसते, दुकानदारास बोलावयास वेळ असतो. त्या पंधरवड्यांत मुलाला घेऊन जावें, दोन-चार सायकलींवर बसवावें, माप व भाव पक्का करावा, आणि सायकल दसऱ्याला घरीं आणावी. धर्महि सांभाळला जातो आणि पुढला सबंध हिंवाळा हातीं लागतो. जुना नमुना चालणार असेल तर श्रावणांतच चौकशी करावी. मार्चमध्यें घ्यावयाचीच झाली तर तीन महिने ती उभी राहणार हें धरून घ्यावी, आणि तीहि माप तंतोतंत जुळलें तरच. परंतु ऑक्टोबर उजाडला असेल, माप जुळत असेल आणि मूल फाटकापाशीं उभें असेल, तर सवलतीची वाट पाहूं नये. पूर्ण किंमत द्यावी. वाढत्या मुलासाठीं तीच सर्वांत स्वस्त असते.

या दसऱ्याला आम्हीं तसेंच केलें. माझा मुलगा आतां पंधरा वर्षांचा आहे. आज पहांटे तो फाटकाच्या आंत नव्हता, बाहेर होता.