ड्रायर गळतो तेव्हा

मुलांनो, भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की आतून थेंब ओघळतात ना? जर्मनीतल्या हिवाळ्यात आपले कपडे वाळवणाऱ्या कंडेन्सर ड्रायरमध्येही हेच घडते. कपड्यांतली वाफ थंड होते, तिचे पाणी होते आणि पंप ते टाकीत चढवतो.

पाणी जमिनीवर दिसले तर मुलांनी त्यात पाय न घालता मोठ्यांना हाक मारावी. पालकांनी आधी फ्यूज बंद करावा, मगच प्लग काढावा. यंत्र निवल्यावर पाहावे: टाकी भरली आहे का? ती नीट बसली आहे का? फ्लूझेनझीब, म्हणजे कपड्यांची लव अडवणारी जाळी, तुंबली आहे का? कंडेन्सर काढता येत असल्यास धुऊन, त्याची रबरी कड पुसून घट्ट बसवावा. तरीही गळाले तर पंप तुंबला असेल, कारागीर बोलवावा. तोवर दोरी आहेच!