फोनवरून ऐकू आलेली गाणी

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत ब्रुकलिनमधील एका घराचा दूरध्वनी क्रमांक छापून येत असे. तो फिरविला, की पलीकडे माणूस बोलत नसे. निरोप नोंदविणारे यंत्र सुरू होई आणि त्यातून एक नवे गाणे ऐकू येई. या उपक्रमाचे नाव होते ‘डायल-अ-साँग’. गाण्याला मोल नाही, फोनचा आकार तेवढा पडे. आणि तोही वाचवावयाचा असेल तर कचेरीतून फोन करावा, असे जाहिरातीतूनच मिश्कीलपणे सुचविलेले असे.

ही युक्ती सुचली ती अडचणीतून. जॉन फ्लान्सबर्ग आणि जॉन लिनेल हे मॅसॅच्युसेट्समधील लिंकन गावचे शाळासोबती. १९८१ मध्ये ते ब्रुकलिनला एकाच इमारतीत राहावयास आले आणि पुढे ‘दे माइट बी जायंट्स’ या नावाने गाऊ लागले. नाव घेतले १९७१ च्या एका चित्रपटावरून. त्याचे मूळ पवनचक्क्यांना राक्षस समजणाऱ्या डॉन किहोतेच्या कथेत आहे. जरा जम बसतो न बसतो तोच लिनेलचे मनगट सायकल-अपघातात मोडले आणि फ्लान्सबर्गच्या घरी चोरी झाली. कार्यक्रम बंद पडले. ऐन हंगामात दुकानाला कुलूप लागावे, तशी ही अवस्था. श्रोत्यांपर्यंत जाता येत नाही, तर श्रोत्यांनीच आपल्याकडे फोन करावा, असा मार्ग त्यांनी काढला. यंत्र एका वेळी एकालाच गाणे ऐकवू शके. पण ऐकणाऱ्याला ते आपल्या एकट्यासाठीच लावले आहे असे वाटे, आणि तोच त्याचा खरा गोडवा होता.

त्यांचा खर्चही बेताचा होता. एकाच्या हाती गिटार. दुसऱ्याकडे हार्मोनियमच्या कुळातले, गळ्यात अडकवून वाजवावयाचे अकॉर्डियन. तालवादक नाही; ते काम ताल देणारे यंत्र आणि ध्वनिफीत करी. काटकसरीतून आलेली ही रचना पुढे त्यांची ओळखच ठरली. रॉक संगीताच्या गोंगाटात अकॉर्डियनचा हा घरगुती सूर कानाला लगेच वेगळा पडतो.

१९८५ मध्ये त्यांच्या नमुना-कॅसेटची दखल ‘पीपल’ या मोठ्या खपाच्या साप्ताहिकाने घेतली. न्यू जर्सीतील होबोकेन येथील ‘बार/नन’ या लहानशा ध्वनिमुद्रण संस्थेचे लक्ष त्यामुळे वेधले गेले, आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये वृंदाच्याच नावाचा पहिला संग्रह निघाला. त्यात चाळीस मिनिटांच्या आत एकोणीस गाणी आहेत! बहुतेक दोनेक मिनिटांची. कंटाळा येण्यापूर्वीच संपणारी. एकात नव्या तरुणाईच्या संगीतामुळे घरचा कुत्रा प्राणाला मुकतो. दुसऱ्यात आपल्याजवळ दोनच गाणी होती म्हणणारा गायक तिसरे कोठून आले या कोड्यात पडतो. त्या गाण्याचे नावच ‘नंबर थ्री’. ‘डोन्ट लेट्स स्टार्ट’ची चाल उड्या मारत जाते, शब्द मात्र निराशेच्या अगदी काठावरून. हा विनोद कोणाची टर उडवीत नाही, आणि दुःख लपवीतही नाही. काही गाणी निव्वळ शब्दांची खेळणी आहेत हे खरे. ती सर्वांनाच रुचतील असे नाही.

याच गाण्याची चित्रफीत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, १९६४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या ओस पडलेल्या मंडपात चित्रित झाली. १९८७ मध्ये एमटीव्ही वाहिनीने ती वारंवार दाखविली आणि लहान संस्थेचा माल देशभर पोहोचला. पुढे ‘इलेक्ट्रा’ ही मोठी कंपनी आली. १९९० चा ‘फ्लड’ हा संग्रह तर फारच गाजला.

त्यांचे श्रोते संसारी झाले, तेव्हा या दोघांनी त्यांच्या मुलांसाठी गाणी केली. २००२ मध्ये ‘नो!’ हा पहिला बालसंग्रह निघाला. अंकांवरील संग्रहाला २००९ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मोठी कंपनी आली, नाव झाले, तरी ब्रुकलिनमधले ते यंत्र कितीतरी वर्षे चालूच राहिले. ते अधूनमधून बिघडे. दुरुस्त झाले की त्यावर पुन्हा नवे गाणे चढविले जाई, आणि पलीकडे पुन्हा कोणीतरी एकटाच ऐकत असे.