नूतनीकृत गेमिंग संगणक : स्वस्त की किफायतशीर?

बंगळूरुच्या टाऊन हॉल आणि कृष्णराजेंद्र मार्केट यांच्या परिसरातील सादर पत्रप्पा रोड, म्हणजेच सर्वांच्या परिचयाचा 'एस. पी. रोड', हा संगणकाच्या सुट्या भागांचा दक्षिण भारतातील एक नावाजलेला बाजार आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशी परिचित असलेल्या मराठी माणसाला येथे परके वाटण्याचे कारण नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा सोलापूरहून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बंगळूरुस आलेल्या कुटुंबांतील मुले या बाजाराची वाट सहज शोधून काढतात. 'निम्म्या किमतीत तयार गेमिंग संगणक' असे शब्द कानी पडले की घरात चर्चा सुरू होते. मुलाच्या दृष्टीने तो हौसेचा विषय असतो, तर पालकांच्या दृष्टीने काही महिन्यांच्या बचतीचा. निर्णय घेताना या दोन्ही बाजूंचा विचार व्हावयास हवा.

नूतनीकृत म्हणजे काय?

'वापरलेला' आणि 'नूतनीकृत' हे दोन शब्द बाजारात सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. वापरलेला संगणक आहे त्या स्थितीत विकला जातो. नूतनीकृत, म्हणजे रिफर्बिश्ड, संगणक तपासून, स्वच्छ करून, सदोष भाग बदलून आणि काही मुदतीच्या हमीसह विकला जाणे अपेक्षित असते. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकांसाठी नोंदणीची तरतूद केली आहे. जुने यंत्र पुन्हा उपयोगात येणे पर्यावरणाच्या दृष्टीनेही हिताचे आहे. मात्र केवळ पुसून चकचकीत केलेले कॅबिनेट म्हणजे नूतनीकरण नव्हे.

नावावर नव्हे, पिढीवर लक्ष

बंगळूरुतील कार्यालये आपले संगणक ठरावीक वर्षांनी बदलतात. त्यांतील एखाद्या यंत्रात ग्राफिक्स कार्ड बसवून ते 'गेमिंग' म्हणून विकले जाऊ शकते. त्यावरील 'कोअर आय-७' हे लेबल पाहून ग्राहक समाधान पावतो. परंतु २०१२ सालच्या 'आय-७ ३७७०' पेक्षा २०२२ सालचा 'आय-३ १२१००' हा प्रोसेसर बराच वेगवान आहे. म्हणून नावापेक्षा क्रमांक आणि वर्ष महत्त्वाचे.

याला आणखी एक कारण आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी अथवा रायझेन २००० मालिका किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीच्या यंत्रावर बँकेचे व्यवहारही होणार असतील, तर सुरक्षा अद्यतनांचा अभाव ही गंभीर बाब ठरते.

ग्राफिक्स कार्डालाही वय असते. २०१६ मध्ये आलेले जीटीएक्स १०६० एके काळी लोकप्रिय होते. परंतु एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविले असून, सुरक्षाविषयक अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंतच मिळणार आहेत. शिवाय इथेरियम या आभासी चलनाची निर्मिती सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डांवर होत असे. ती पद्धत बंद झाल्यावर अहोरात्र राबलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. असे कार्ड निकामीच असते असे नाही, परंतु त्याचे पंखे आणि उष्णतावाहक लेप झिजलेले असू शकतात.

तयार संगणकाची मेख

काही मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांची रचना त्या कंपनीपुरतीच असते. असा एसएमपीएस बिघडला तर बाजारातील सर्वसाधारण एसएमपीएस त्यात बसत नाही, आणि मूळ भाग शोधावा लागतो. त्यामुळे कॅबिनेट उघडून भाग प्रमाणित मापाचे आहेत का, हे आधीच पाहावे. एसएमपीएसवरील वॅटचा आकडा ग्राफिक्स कार्डाला पुरेसा आहे का, हेही त्याच वेळी तपासावे.

दुसऱ्या बाजूने पाहता, २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जोराने चढले. त्यामुळे ज्या जुन्या यंत्रात १६ जीबी रॅम आणि चांगली एसएसडी आधीच आहे, त्याचे मोल वाढते. 'रॅम नंतर वाढवू' हा हिशेब मात्र महागात पडू शकतो.

वार्षिक खर्चाचा हिशेब

निर्णयाची खरी कसोटी किती टक्के सूट मिळाली ही नसून, उपयोगाच्या प्रत्येक वर्षाला किती रुपये पडले ही आहे. उदाहरणादाखल, नवा संगणक ८०,००० रुपयांचा, पुढील दुरुस्ती ४,००० रुपये आणि उपयोग सहा वर्षे धरू. खर्च वर्षाला १४,००० रुपये पडतो. नूतनीकृत संगणक ४५,००० रुपयांचा आणि दुरुस्ती ६,००० रुपये धरली, तर एकूण ५१,००० रुपये होतात. तो तीन वर्षे चालला तर वर्षाला १७,००० रुपये पडतात, चार वर्षे चालला तर १२,७५०.

म्हणजे एकाच किमतीचा तोच संगणक एका वर्षाच्या फरकाने तोट्याचा किंवा फायद्याचा ठरतो. याच गणिताने, तीन वर्षांचे आयुष्य अपेक्षित असेल तर ३६,००० रुपयांपेक्षा अधिक देऊ नयेत, आणि चार वर्षांची खात्री वाटत असेल तर ५०,००० ही कमाल मर्यादा समजावी. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, रीत मात्र हीच राहील.

खरेदीपूर्वी तासभर

यंत्र दुकानातच चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. जीपीयू-झेड ही प्रणाली कार्डाची खरी ओळख दाखविते आणि नाव बदलून विकलेली अनेक बनावट कार्डे पकडते. क्रिस्टलडिस्कइन्फो एसएसडीची प्रकृती व वापराचे तास सांगते. एखादा जड खेळ अर्धा तास चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि यंत्र अचानक बंद पडते का, हे पाहावे. विंडोज परवानाधारक असल्याची सेटिंग्जमध्ये खात्री करावी. घरी आणल्यावर डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवावी, मगच त्यावर नेटबँकिंग सुरू करावे.

बिल, हमी आणि हप्ते

बिलाशिवाय मिळणारी सवलत ही सवलत नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास व रक्कम देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच होय. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने हा हक्क संपत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. हे संरक्षण व्यापाऱ्याकडून केलेल्या खरेदीला आहे. अनोळखी व्यक्तीकडून परस्पर घेतलेल्या यंत्राबाबत त्यावर विसंबता येत नाही. म्हणून अशा व्यवहारात यंत्र पाहण्यापूर्वी आगाऊ रक्कम पाठवू नये. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे आपला जुना संगणक विकणाऱ्यानेही ध्यानी ठेवावे.

हप्त्यांवर खरेदी करावयाची असल्यास हप्त्यांची मुदत हमीपेक्षा लांब नसावी. सहा महिन्यांची हमी आणि अठरा महिन्यांचे हप्ते असतील, तर बंद पडलेल्या यंत्राचे पैसे वर्षभर फेडण्याची वेळ येऊ शकते. 'विनाव्याज' हप्त्यांतही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरील वस्तू व सेवा कर यांची चौकशी करावी.

निष्कर्ष

विंडोज ११ ला पात्र, प्रमाणित मापाच्या भागांचा, बिल व निदान सहा महिन्यांच्या हमीसह मिळणारा आणि वार्षिक हिशेबात नव्यापेक्षा स्पष्टपणे कमी पडणारा नूतनीकृत संगणक अवश्य घ्यावा. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर तीच रक्कम काही महिने आवर्ती ठेवीत भर घालून वाढू द्यावी आणि नवा संगणक घ्यावा. नूतनीकृत घेतलाच, तर वाचलेल्या पैशांतून दुरुस्तीची रक्कम पहिल्या दिवशीच बाजूला काढावी. ती न काढता केलेली बचत कागदावरच राहण्याचा संभव असतो.